गुरुजींचा वाटा

कार्तिक लागला की लातूरच्या आमच्या घरी दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक नळाची आणि दुसरी शिंगाड्यांच्या पिशवीची. नळ आठ-दहा दिवसांनी कधीतरी येतो. पिशवी मात्र वर्षातून एकदाच येते, नांदेडच्या एसटीतून, कंडक्टरच्या सीटखाली बसून. यंदा दोन्ही एकाच सकाळी आल्या. बायको हंडे, घागरी, बादल्या, कुकर, घरात असेल नसेल ते भांडं नळाखाली लावत होती. मी बसस्थानकावरून पिशवी घेऊन आलो आणि दारातूनच ओरडलो, "वाटा आला!" तिने वर न बघता सांगितलं, "आधी ती पिंपाची नळी धरा. वाटा काही पळून चालला नाही."

पिशवी खताची, तोंड सुतळीने शिवलेलं, बूड ओलं. सुतळी कापली की शिंगाडे दिसायच्या आधी वास येतो. शेवाळाचा, तळ्याच्या गाळाचा, थोडासा जुन्या दोराचा. मग ते काळेभोर, दोन शिंगांचे, हाताला टोचणारे शिंगाडे. आणि वर वहीचं एक पान, त्यावर दोनच शब्द: "गुरुजींचा वाटा." अक्षर सुनीताचं. ते पान हातात आलं की माझ्या पायांना थंड चिखल लागतो. शपथेवर सांगतो, घरात फरशी आहे आणि पायात चप्पल आहे, तरी लागतो.

मी मूळचा उदगीरचा. आमचं किराण्याचं दुकान. घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी घोटभर पाणी पीत नसे, आणि अंड्याचं नाव काढायची वेळ आलीच तर आमची अव्वा त्याला 'पांढरा बटाटा' म्हणायची. अव्वा म्हणजे आई. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. पाण्याशी आमच्या घराचा संबंध काटकसरीचा. परातीत बसून अंघोळ करायची, त्याच पाण्याने फरशी पुसायची आणि फरशीचं काळं पाणी जास्वंदीला घालायचं. पोहणं हा उद्योग परीक्षेत नापास झालेली पोरं करतात, असा अव्वाचा ठाम समज होता. विहिरीच्या कठड्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी पाठीत धपाटा बसायचा. मी परीक्षेत पास होत गेलो, त्यामुळे पोहायचं राहून गेलं.

अशा माणसाला शिक्षकाची पहिली नेमणूक मिळाली ती नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या थेट काठावर असलेल्या भोयांच्या वाडीत. याला दहा-बारा वर्षं झाली. भोई म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारी माणसं. मासे धरायचे, माणसं पलीकडे न्यायची, गावतळ्यात शिंगाडा लावायचा. नदीला ते गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात, आणि घरातल्या म्हातारीबद्दल बोलावं तसं बोलतात. आज गंगा रुसली. आज गंगा खूश हाय. आज गंगेच्या मनात काय हाय कुणाला ठावं.

रुजू होण्याआधी मी शहाण्यासारखी तयारी केली होती. 'पारंपरिक जलजीवन' असं शीर्षक घालून एक नवी वही केली होती. माझ्या डोळ्यांसमोर लाकडी होड्या होत्या, वल्ही होती, नदीची गाणी म्हणणारे वृद्ध होते. वाडीत पोचलो तर लाकडाची होडी औषधालाही नाही. थर्माकोलचे ठोकळे जाळीत बांधून केलेले तराफे पाण्यावर डुलत होते, त्यांना ते चप्पू म्हणत. ट्रकच्या ट्यूबा होत्या. आणि सगळ्यांत मानाचं जहाज होतं ते देगलूरकडच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातून आणलेली गुळाची काहील. वृद्धही होते, सोपानतात्या नावाचे, वाडीतले सगळ्यांत जाणते. पण ते गाणं म्हणत नव्हते, मोबाइलवर मासळीच्या व्यापाऱ्याशी भांडत होते.

त्यांचं भांडण संपल्यावर मी वही उघडली. "तात्या, तुमच्या पारंपरिक होड्या कुठं आहेत?"

तात्यांनी काहिलीकडे हात केला. "ही काय. माज्या बापापासून हाय."

"पण ही तर गुळाची काहील आहे."

"हाव. गोड हाय म्हणून तर गंगा गिळंना."

त्या वहीत पुढे मी किराण्याची यादी लिहू लागलो.

शाळेच्या पटावर अठरा मुलं होती. सकाळी हजर असायची चार, आणि त्यातली दोन झोपलेली. चौकशी केली तेव्हा कळलं की आश्विन लागला, पुराचं गढूळ पाणी ओसरलं, महाजाळ सुरू झालं. महाजाळ म्हणजे ऐसपैस लांब जाळं. त्याचं एक टोक काठावरच्या माणसांनी धरायचं, दुसरं टोक काहिलीतून नदीत लांब वळसा घालून परत काठाला आणायचं, आणि मग दोन्हीकडून दोर ओढत जाळं बाहेर काढायचं. हे सगळं उजाडता उजाडता चालतं आणि पोरं ते बघायला जातात. मी ठरवलं, पोरांना काठावरून उचलून आणायचं. सुट्टीत अप्पांनी घेऊन दिलेले पॉलिशचे बूट घातले आणि निघालो.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. नदीवर पांढरं धुकं, त्यातून नुसते आवाज येणारे. पाण्यात वल्हं बुडाल्याचा आवाज, कुणाच्या तरी खोकल्याचा, पलीकडच्या काठावरच्या एका कुत्र्याचा. ओल्या दोराला एक वास असतो, थोडा आंबट, थोडा मातीचा. सात माणसं गुडघाभर चिखलात एका रांगेत उभी राहून दोर ओढत होती. मी काठावरून दरडावलं, "मुलांनो, शाळा!" आणि पाय पुढे टाकला.

गोदेकाठचा गाळ काय चीज आहे हे उदगीरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? माझा उजवा बूट जागेवर राहिला, उजवा पाय पुढे गेला, आणि मी सरळ पाण्याच्या दिशेने घसरत निघालो. हाताला जे लागलं ते मी धरलं. तो महाजाळाचा दोर होता. तो मी असा काही धरला की सुटायचं नाव नाही. ओढणारी माणसं ओढत होती, त्यांच्याबरोबर मीही ओढला जात होतो, आणि पोरं आनंदाने किंचाळत होती.

जाळं बाहेर आलं. मी चिखलातून उठलो आणि दिलगिरी व्यक्त करणार, एवढ्यात पाहिलं की सगळे माझ्या हातातल्या दोराकडे बघताहेत.

"गुर्जीचा हात लागला दोराला," कुणीतरी म्हणालं.

"लागला," तात्या म्हणाले. "वाटा काढा."

वाटणीची त्यांची रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ओल्या पोत्यावर मासळीचे ढीग घालतात, दोराला हात लागलेल्या माणसागणिक एक. मग तात्या ढिगांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसतात. एक जण एका ढिगावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हा कुणाचा?" तात्या न बघता एक नाव घेतात. ढीग मोठा असो, लहान असो, ज्याचं नाव निघालं त्याचा. तक्रार करायची नाही, कारण ती करायची कुणाकडे? बोट ठेवणाऱ्याला नाव माहीत नाही, नाव घेणाऱ्याला ढीग दिसत नाही.

"हा कुणाचा?"

"गुर्जीचा."

आणि माझ्यासमोर, गळ्यात इष्टलिंग असलेल्या माणसासमोर, दोन कटले, मूठभर चिलापी आणि एक अजून जिवंत असलेली मरळ येऊन पडली. मरळ माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. आम्हा दोघांनाही ही भेट अनपेक्षित होती.

"तात्या, मी खात नाही हो."

"खाऊ नका. पर वाटा तुमचा हाय."

"तुम्हीच ठेवा ना."

"वाटा वापस घेत नसत्यात, गुर्जी. गंगा रुसती."

"मग परत पाण्यात सोडतो."

हे ऐकल्यावर दोन माणसांनी कानाला हात लावले. दिलेलं गंगेच्या तोंडावर फेकणं म्हणजे फारच मोठा गुन्हा असावा. मी मासळी दस्तीत, म्हणजे खांद्यावरच्या रुमालात, बांधली आणि निघालो. वाटेत एक मांजर मागे लागलं. शाळेपर्यंत आलं. वर्गात आलं. त्या दिवशी पट भरला.

माझी सुटका केली ती कोंडाबाईने. ती काठावर रोज यायची, डोक्यावर ॲल्युमिनियमचं टोपलं घेऊन. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. घरात जाळ्यावर जाणारा गडी नाही, म्हणून वाटा नाही. दुसऱ्यांच्या ढिगातली उरलीसुरली बारीक मासळी विकत घ्यायची आणि पायी गावोगाव फिरून विकायची, असं तिचं चाललं होतं. ती सुनीताची आई. सुनीता चौथीत, आणि माझ्या वर्गात सकाळी जागी असणाऱ्या दोघांपैकी एक. माझी दस्ती मी तिच्या टोपल्यात रिकामी केली तेव्हा ती म्हणाली, "गुर्जी, आजच्याला बरं झालं. पर दिवाळी झाली की मी भावजयीसंगं ऊसतोडीला चालले. सुनीतालाबी नेते. तिचं नाव काढून ठिवा."

"का?"

"हितं राहून काय खावं? रोज कोण तुमच्यासारकं चिखलात पडतंय?"

ती हे हसत म्हणाली आणि टोपलं उचलून गेली. मी मात्र दिवसभर फळ्यावर काय लिहितोय ते मला कळेना. सुनीता पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणत होती. ती ऊसतोडीला गेली तर सहा महिन्यांनी परत येणार, आणि तोवर शाळा विसरलेली असणार. अशा मुली मी शिकत होतो त्या शाळेतही पाहिल्या होत्या. परत आल्यावर त्या भावंडाला कडेवर घेऊन खिडकीतून वर्ग बघायच्या, आत यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घरी ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काठावर काढल्या आणि चिखलात उतरून दोराला हात लावला.

तिथून तो माझा हंगाम सुरू झाला. आश्विन सरत आला, दिवाळी जवळ आली, पाणी रोज थोडं जास्त गार होत गेलं. मासळीला शब्दानेही न शिवणाऱ्या घराण्यातला मुलगा रोज उजाडताना महाजाळ ओढत होता. मला ओढता येत होतं असं नाही. तात्या म्हणायचे, "गुर्जी दोर ओढत न्हाईत, दोराला लटकत्यात." पण हात लागत होता ना, मग वाटा निघत होता. तो सरळ कोंडाबाईच्या टोपल्यात जात होता. ऊसतोडीचा मुकादम वाडीत येऊन गेला तेव्हा ती त्याला म्हणाली, "बघू." बाईच्या तोंडून 'बघू' आलं याचा मला परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला.

अंगाला वास यायला लागला. लिंबू चोळून पाहिलं, राख चोळून पाहिली, शेवटी दोन्ही एकदम चोळून पाहिलं. वर्गात शिरलो की पोरं नाक वर करून सांगायची, "गुर्जी, आज वांब लागली जणू." आणि वासावरून मासा ओळखण्यात त्यांचं कधी चुकायचं नाही. एकदा पुस्तकात 'पाण्याची बचत' असा धडा आला. मी मोठ्या तळमळीने आमच्या परातीची, फरशीची आणि जास्वंदीची गोष्ट सांगितली.  मग सुनीताने हात वर केला. "गुर्जी, तुमच्या गावातली मासळी मंग कुठं ऱ्हाते?" मी म्हणालो, "आमच्या गावात मासळी नाही." तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी काठावर बायका माझ्याकडे जास्तच मायेने बघत होत्या.

तात्यांनी एकदा मला काहिलीतही बसवलं. "मदोमद बसा अन् बोलू नका." मी मधोमध बसलो आणि बोललो नाही. पण काहील गोल असते, तिला पुढे-मागे असं काही नसतं, ती आपली फिरते. नदीच्या मध्यावर मी वाडी बघितली, मग पलीकडचा काठ, मग वाडी, मग पलीकडचा काठ, मग डोळे मिटले. धुक्यात नुसता पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आणि लोखंडाला येणारा गारवा. डोळे उघडले तेव्हा सूर्य वर येत होता आणि पाणी सगळीकडे तांबूस झालं होतं. इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. बहुधा अव्वाची परात आठवली.

दिवाळीला मी घरी गेलो नाही. चार दिवस दोराला हात लागला नाही तर चार दिवस वाटा नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुकादमाचे ट्रॅक्टर निघणार होते. फोनवर अव्वाला सांगितलं, शाळेचं काम आहे. दिवाळीत कुठली शाळा असते, हे तिला कळत होतं. तिने सरळ निदान केलं. "पोरगं कुन्या पोरीच्या नादी लागलंय." आणि तिने अप्पांना पाठवलं.

अप्पा न कळवता आले. मी नेहमीप्रमाणे काठावर पोचलो होतो, चपला काढल्या होत्या, दोर हातात घ्यायचाच होता, तोच धुक्यातून एक पांढरी टोपी येताना दिसली. टोपीखाली कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. हातात धपाट्यांचा डबा. उदगीरच्या दुकानाच्या गल्ल्यावरून कधी न उठणारा माझा बाप गोदावरीच्या काठावर चालत येत होता.

माझी अक्कल गहाण पडली. पळायला वाट एकच होती आणि तिच्यावरून अप्पाच येत होते. नदीत जाळं सोडून आलेली काहील काठावर पालथी घातली होती, एका बाजूने दगडावर टेकवलेली. मी त्या फटीतून आत सरकलो आणि पालथा पडून राहिलो. आत अंधार होता आणि गुळाचा वास होता. इतक्या वर्षांनीही गुळाचा वास! फटीतून मला फक्त पाय दिसत होते.

"शरणार्थी," अप्पांनी आमच्या लिंगायत पद्धतीचा नमस्कार घातला. "गुरुजी कुठं राहतात हितले?"

फटीसमोर तात्यांचे पाय आले. मग तात्या म्हणाले, "असतील इथंच कुठंतरी. बसा की."

आणि अप्पा बसले. काहिलीवर.

माझ्या डोक्यावर लोखंड कुरकुरलं. बाप वर, लेक खाली, मध्ये गुळाची काहील. त्या लोखंडाखाली आवाज असा घुमत होता की वरच्या माणसाने खाकरलं तरी ढग गडगडल्यासारखं वाटे. तिकडे जाळं ओढायची वेळ झाली होती. मला फटीतून कोंडाबाईचे पाय दिसत होते. ते माझ्या जागेपाशी, दोराच्या शेवटी, उभे होते. ती मला शोधत होती. पाय एकदा इकडे वळले, एकदा तिकडे. माझा हात आज लागणार नव्हता. आज वाटा नव्हता, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर निघणार होता. मी दात आवळून पडून राहिलो. बाहेर निघायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. निघालो नाही. सव्वीस वर्षांचा घोडा मी, बापाच्या भीतीने काहिलीखाली.

मग त्या पायांनी काय केलं? ते चिखलात उतरले. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. लुगड्याचा ओचा वर खोचला गेला. आणि "हां, वढा," असा तात्यांचा आवाज आला तेव्हा ते पाय चिखलात घट्ट रोवले गेले. माझे कधी तसे रोवले गेले नव्हते.

जाळं बाहेर आलं. मासळीची फडफड ऐकू आली, पोत्यावर ढीग पडल्याचा आवाज आला. तात्या नदीकडे तोंड करून बसले असणार. "हा कुणाचा?" "किसनाचा." "हा कुणाचा?" "लिंबाजीचा." एकेक नाव निघत गेलं. शेवटचा ढीग आला.

"हा कुणाचा?"

"गुर्जीचा," तात्या सवयीने म्हणाले.

"गुर्जी न्हाईत आज."

"मंग मोडा तो वाटा. सगळ्यांत घाला."

  कोंडाबाईचे ओले पाय फटीसमोर उभे होते, एक पाय दुसऱ्यावर घासत होता. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर आवाज झाला.

"का हो, हा वाटा कशावर ठरतो?" अप्पा विचारत होते. आयुष्यभर दुकानात बसलेला माणूस, वाटणी म्हटली की त्याला गप्प बसवत नाही.

"दोराला ज्याचा हात लागंल त्याला," तात्या म्हणाले.

"मग ह्या बाईचा हात लागला की. मी बघलालाव ना हितं बसून. हिच्याच हातातून दोराचं पाणी गळलालंय अजून."

"ती बाई हाय."

"ते दिसलालंय मला. मी हाताचं विचारलालाव."

 तात्या रागावले असतील, असं मला वाटलं. उदगीरचा एक दुकानदार, ज्याने मासा कधी नीट बघितलाही नाही, तो त्यांना त्यांच्या बापाच्या रिवाजाबद्दल विचारत होता. मग पोत्यावर पुन्हा बोट आपटल्याचा आवाज आला. बोट ठेवणाऱ्यानेच पुन्हा विचारलं होतं. "तात्या, हा कुणाचा?"

तात्या म्हणाले, "कोंडाबाईचा."

फटीसमोरचे पाय मटकन खाली बसले. मग चेहरा दिसला. तिने मला काहिलीखाली पाहिलं, आणि रडता रडता तिला असं हसू फुटलं की ते तिला तोंडावर पदर धरूनही आवरेना.

अप्पांनी वरून काहिलीवर दोनदा टकटक केली. "आता बाहेर ये. काय करलालास आतमदी?"

मी सरपटत बाहेर आलो. गालावर गंज, कपड्यांना चिखल. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

अप्पांनी काहिलीशेजारी बोट दाखवलं. माझ्या चपला तिथे जोडीने, टाचा भिडवून, नीट काढून ठेवलेल्या होत्या. हे मला लहानपणापासून त्यांनीच शिकवलं होतं. गोदेच्या चिखलात उतरायचं असलं तरी चपला जोडीनेच निघत होत्या. "साऱ्या काठावर हा एकच जोड सरळ हाय," अप्पा म्हणाले. "म्हणूनच ह्याच्यावर बसलाव. म्हटलं, बघू किती वेळ दम धरतोय."

नंतर मी तात्यांशी चिडून बोललो. बाईने दोर धरला तर वाटा मिळतो, हे मला आधी का सांगितलं नाही? महिनाभर मी त्या चिखलात काय म्हणून पडत होतो? तात्या शांतपणे जाळं झटकत म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई. आन् खरं सांगू, मलाबी आज तुमच्या अप्पांनी इचारलं तवाच कळलं." कोंडाबाईला विचारलं तर तिने आणखीनच गार केलं. "गुर्जी, मला वाटलं तुमाला हौस हाय." मग थोडी थांबून म्हणाली, "दोर धरायचा रोज मनात यायचं. पर तुमी माज्या जागी उभे असायचे." हे तिने अजिबात टोचून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते अजून टोचतं. मी तिचा उद्धार करायला उतरलो होतो आणि तिची जागा अडवून उभा होतो.

ट्रॅक्टर संध्याकाळी तिला न घेता गेला. सुनीताचं नाव पटावर राहिलं.

अप्पांना बसमध्ये बसवायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाजवळ नाक आणलं आणि मागे घेतलं. मी विचारलं, "अव्वाला काय सांगणार?"

"खरं तेच सांगतो. पोरीचाच मामला हाय म्हणतो. चौथीत शिकती, शाळेतून काढलालते, ते थांबलंय." आणि बस हलता हलता खिडकीतून म्हणाले, "काहिलीचं नको सांगू तिला. माझी बी लुंगी गंजलीय मागून."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी तात्या म्हणाले होते, एकदा हात लागला की वर्षाकाठी एक वाटा माणसाच्या नावाने निघतो, तो माणूस कुठंही असो. मी घाबरून विचारलं, मासळी एसटीने येणार का? कोंडाबाई म्हणाली, "तुमचा वाटा तळ्यातून काढू, गुर्जी. त्याला डोळे नसत्यात."

म्हणून शिंगाडे. कोंडाबाई आता महाजाळाच्या पुढच्या टोकाला असते. तात्यांना वयामुळे आता दिसत नाही, पण वाटणीला पाठ करून बसायचा मान अजून त्यांचाच आहे, आणि त्यात त्यांची काही गैरसोयही होत नाही. सुनीता नांदेडला नर्सिंगला आहे. पिशवी तीच आणून एसटीत ठेवते आणि कंडक्टरला दम देते.

आज दुपारपर्यंत नळ गेला. सगळी भांडी भरली. अव्वा-अप्पा आता लातुरात आमच्याकडेच असतात. अव्वाने शिंगाडे उकडले, एकेक करून सोलले. आता तिचं वय झालंय, पण सोलू ती कुणाला देत नाही. पांढरेशुभ्र दाणे एका ताटात आणि काळी टरफलं शेजारी. मग माझ्या मुलीने ढीग घातले आणि अप्पा नेहमीप्रमाणे भरलेल्या पिंपाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसले. लातुरात नदी कुठून आणणार? पिंपावर भागवतो.

"आजोबा, हा कुणाचा?"

"तुझ्या आईचा."

"हा?"

"तुझ्या बापाचा. लहान असंल तर बरं."

"हा कुणाचा?"

"तुझा."

"हा?"

"माझा."

एक ढीग उरला. दरवर्षी उरतो, आणि दरवर्षी अव्वा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणते, मला नको, मासेवाल्यांच्या घरचं मला चालत नाही. मुलीने ढिगावर बोट ठेवलं. "आजोबा, हा कुणाचा?"

अप्पा पिंपाकडे बघत म्हणाले, "ज्याचे हात काळे झालेत त्याचा."

अव्वाने स्वतःची बोटं पाहिली. पदराला पुसली, डाग निघाला नाही. मग ती खाली बसली, एक शिंगाडा उचलून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "मासळीचा वास मारतोय," ती म्हणाली, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी खायला सुरुवात केली.